पत्र्यावरचे तीन ठोके

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून बाबलीशी बोलणे बंद. एकोणीस वर्षे माझ्या गाडीवर कंडक्टर आहे म्हणून त्याला डोक्यावर बसवून घ्यायचे काय? सकाळी मुळगावच्या उतारावर कोणा दीडशहाण्याने मोटारसायकल रस्त्याला टेकवून लावली होती. धुके असे, की बॉनेटच्या पुढचे काही दिसेना. आरसा जरासा लागला, मोटारसायकल आडवी झाली, विषय संपला. तर हा सगळ्या पासिंजरांसमोर ओरडतो, "डोळे फुटले काय रे तुझे? एवढी तांबडी मोटारसायकल तुका दिसाक नाय? उद्या जाऊन डोळे दाखव आधी."

मी गाडी थांबवून मागे वळून सांगितले, "गाडी माझी, डोळे माझे. तू दार सांभाळ." शाळेची पोरे हसली. कोणाला हसली ते कळले नाही.

लाटंबार्से, डिचोली, मुळगाव, म्हापसा. सकाळी सहा पन्नास. ही वेळ माझ्या वडिलांनी मिळवलेली. ते गेल्यावर स्टिअरिंग माझ्या हातात आले आणि माझ्या हातातच राहील. बाबलीला ते खुपत असेल तर खुपू दे.

१३ नोव्हेंबर

न बोलता गाडी चालते. उलट बरी चालते. एक ठोका पत्र्यावर, थांब. दोन ठोके, चल. त्याच्यापुढे ड्रायव्हर-कंडक्टरला बोलण्यासारखे असतेच काय?

अगदीच गरज पडली तर तो यशोदा वहिनीमार्फत बोलतो. ती मुळगावच्या शाळेत जेवण रांधते, रोज माझ्या पाठीमागच्या सीटवर बसते. "वयनी, तेका सांगा, डिझेल घालूक होया." मी म्हणतो, "वहिनी, त्याला सांगा, मला काटा दिसतो." दुपारी यशोदा वहिनी वैतागली. "मी कितें तुमच्या घरचो फोन?"

काटा दिसत होता. लाल रेघेवर आहे असे मात्र वाटले नव्हते. डॅशबोर्डचा बल्ब बदलायला हवा.

१९ नोव्हेंबर

बाबलीने नवीन खोडी काढली आहे. तीन ठोके. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि तीन म्हणजे काय? काही नाही. मला डिवचायचे. आज मोजले. सात वेळा. एकदा गतिरोधकाच्या आधी, एकदा साकवाजवळ गुरे होती तिथे, एकदा एक सायकलवाला कुठून उपटला देव जाणे, त्याच्या जरा आधी. माणूस दचकतो आणि ब्रेकवर पाय पडतो.

आणखी एक. तो मागच्या दारात उभा राहायचा, आता पुढच्या दारात येऊन उभा राहतो. नाकासमोर. मान बाहेर काढून. राखण करायला बसवलाय जणू.

पंचायतीने गतिरोधकांना पांढरे पट्टे मारलेले नाहीत. मी अर्ज देणार आहे. बायको तारा म्हणते, पट्टे गणेशचतुर्थीला मारले. तिने कधी गाडी चालवली आहे?

२७ नोव्हेंबर

पतसंस्थेने यंदा डायरी काढली ती काय लायकीची. रेघा पुसट. जानेवारीत बऱ्या होत्या, आता दिसतच नाहीत. शाईसुद्धा टिकत नाही असल्या संस्थेत आपण पैसे ठेवतो. मी एक सोडून एक ओळ लिहितो.

तेलही भेसळीचे येते. तुळशीपुढच्या दिव्याभोवती रंगीत कडे दिसले. ताराला दाखवले. तिने दिव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "म्हापशाक डोळ्यांचो दोतोर बसता, रविवारी वचूंया?" मी विचारले, हे तुझ्या डोक्यातले की बाबल्याच्या? ती उठून आत गेली. म्हणजे बाबल्याच्याच.

४ डिसेंबर

पासिंजर कमी झाले. सातवीपर्यंतचे पोर तर एकही उरले नाही. सगळी देवेशच्या गाडीला. देवेशची वेळ सात वीसची, त्याने शाळेला उशीर होतो, तरी आया पोरांना त्याच गाडीत चढवतात. नवीन गाडी आहे ना, आत गाणी लावतो. चार दिवसांचे नवे.

आज तिठ्यावर देवेश कोणाशी तरी कुजबुजत होता. अगदी जवळ गेल्यावर कळले, बाबली. मला पाहून दोघे गप्प. देवेश म्हणतो, "कसो आसा, गोकुळदास काका?" माझ्या खांद्याएवढा होता तेव्हा माझ्या गाडीतून फुकट शाळेला जायचा. मी गाडीत जाऊन बसलो.

१० डिसेंबर

सगळे उघडे पडले.

दुपारी जरा आडवा झालो होतो. माजघरात बाबलीचा आवाज. मी झोपलोय असे समजून ताराशी बोलत होता. "सहा पन्नास देवेश चालवीत. माझा बोलणा झाला तेच्याशी. ह्याका खाली उतरवूक होयो, तारा. आज ना उद्या कायतरी होतला." तारा रडत होती. रडणारच. माझ्या घरात बसून माझी गाडी पळवायची भाषा, आणि तीही जिच्याकडून भाऊबीजेला ओवाळून घेतो तिच्यापाशी!

मी हाललो नाही. डोळे मिटून पडून राहिलो. एकोणीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटे बोलला नव्हता.

१४ डिसेंबर, रविवार

नारळ ठेवला.

वळणावरच्या राखणदाराला, गावाची राखण करणाऱ्या देवाला, आमची गाडी रोज हॉर्न देऊन पुढे जाते, वडिलांच्या वेळेपासून. त्याचा अधिकार आमच्या गाडीवर आहे. देवापुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या विठू गावकराला घेऊन गेलो. नारळ, विड्यांचे बंडल, सगळे रीतीप्रमाणे. विठू म्हणाला, "नाव सांग." मी म्हटले, नाव नको. जो कोण माझी गाडी बुडवायला बसला आहे, त्याचा पाय परत माझ्या गाडीच्या पायरीला लागता नये.

विठू खाली बसला होता तो उठून उभा राहिला. "नाव न घेता गाराणा घालशी तर राखणदार आपणच माणूस सोदता. मग माका बोलू नको."

"सोदू दे," मी म्हटले. खरे सांगायचे तर नाव घ्यायला तोंड उघडले होते. जीभ वळली नाही. राखणदाराला न सांगता कळते, मग मी कशाला घेऊ?

विठूने गाऱ्हाणे घातले. "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटाच.

१६ डिसेंबर

गावात शिंक आली तरी दोन दिवसांत सगळ्यांना कळते. आज पहाटे बाबली आला, गाडीला हात लावून नमस्कार केला, पैशांची पिशवी बॉनेटवर ठेवली आणि पायरीपाशी थांबला. पाय वर टाकला नाही. माझ्याकडे पाहिले. काही बोलेल असे वाटले. मग वळला आणि स्कूटर चालू करून गेला.

दोन दिवसांत गुण! राखणदार जागृत आहे.

१९ डिसेंबर

नवीन कंडक्टर गणेश. वास्कोला सरकारी बसवर बत्तीस वर्षे काढून घरी बसला होता. शिस्तीचा माणूस. मागच्या दारात उभा राहतो, एक ठोका, दोन ठोके, तिसरा नाही. कसे शांत वाटते.

डाव्या बाजूचा आरसा विजेच्या खांबाने नेला. खांब रस्त्यात आलाय, रुंदीकरण केले तेव्हा हलवला नाही. गतिरोधकावर गाडी जरा उडाली, यशोदा वहिनीची कंबर धरली. "गोकुळदासबाब, हांव आतां मागच्या सीटीर बसतां," म्हणाली. बस बाई.

२३ डिसेंबर

एक स्कूटरवाला मागे लागलाय. मागे कसला, पुढे! लाटंबार्शाच्या फाट्यावरून रोज सहा पन्नासला माझ्या पुढे सुटतो. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर चालू, लुकलुक लुकलुक. मी थांबलो की तोही पुढे थांबतो. मी निघालो की निघतो. गतिरोधक आला की मागचा लाल दिवा तीनदा लावतो. अंगात कानटोपीचे जाकीट, तोंड दिसत नाही. हॉर्न मारून घसा बसला गाडीचा, पण बाजूला होत नाही.

देवेशचा हेर. मी कुठे किती मिनिटे घेतो ते टिपून आरटीओत तक्रार करायची आहे त्याला. टीप म्हणावे. मी एक मिनिट इकडे-तिकडे होत नाही.

३० डिसेंबर

घरातही चोरी. पाववाल्या पोदेराकडून तारा चार उंडे घेते, मला दोन, तिला एक. चौथा कुठे जातो? विचारले तर म्हणते, मांजराला. उंडा खाणारे मांजर आमच्याकडे कधी आले?

गणेशला विचारले, तो स्कूटरवाला कोण. गणेश खिडकीबाहेर पाहू लागला. "माका बत्तीस वर्सांत एक गजाल कळली, गोकुळदासबाब. कंडक्टरान फाटीं पळोवचें." कंडक्टरने मागे बघायचे म्हणे! हासुद्धा त्यांच्यातला असेल काय?

२ जानेवारी

नवीन वर्षाची डायरी आली. रेघा मुळीच नाहीत. मी पतसंस्थेत जाऊन तिथल्या मुलीला झापले. तिने एका पानावर बोट फिरवून दाखवले, "ह्यो पळयात, काका, रेघो." शेजारचे दोघे हसले. तिथून निघताना पायरी चुकली.

लायसन फेब्रुवारीत संपते. डॉक्टरचा दाखला लागतो. एजंटाने आणून दिला, डॉक्टरला माझे तोंडही पाहावे लागले नाही. त्यात स्पष्ट लिहिले आहे, दृष्टी निर्दोष. मी तो ताराच्या पुढ्यात टाकला. "हे वाच. सरकारी शिक्का आहे." ती म्हणाली, "तुमी वाचून दाखयात." मी तो घडी करून खिशात ठेवला. तिची ही बोलण्याची रीत मला आवडली नाही.

८ जानेवारी

तारा आज जेवली नाही. म्हणते, गाडी सोडा. मी म्हटले, सोडतो, आणि मग काय करू? तिठ्यावर बसून माश्या मारू? सहा पन्नासला गाव माझ्या हॉर्नने उठते. त्या सीटवरून मला उतरवले तर माझे काय उरते ते कोणी सांगावे.

लिहायचे नव्हते, लिहिले गेले.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटत यशोदा वहिनी आली. "बाबलीक दिलो?" मी म्हटले, त्याच्याशी गोड बोलायला मला साखरेचे पोतेही पुरणार नाही.

उद्या त्या स्कूटरवाल्याला मागे टाकायचेच. मुळगावच्या उतारावर रस्ता रुंद आहे. एकदा धूळ चारली की परत येणार नाही.

१५ जानेवारी

आज लिहिता येत नाही.

१८ जानेवारी, रविवार

लिहायला हवे. हे कोणाला तोंडाने सांगता येणार नाही.

गुरुवारी दाट धुके होते. मुळगावचा उतार लागला तसा मी हॉर्नवर हात ठेवला आणि गाडी उजवीकडे काढली. स्कूटरवाल्याने मागे वळून पाहिले. बाजूला झाला नाही. लाल दिवा तीनदा लागला, परत तीनदा, मग त्याने स्कूटर सरळ माझ्या पुढ्यात आडवी घातली.

मी ब्रेकवर उभा राहिलो. स्कूटर बंपरखाली गेल्याचा आवाज आला. गाडी थांबली. मागे बायका किंचाळत होत्या. मी जनेलातून डोके काढून ओरडलो, "मरायला माझीच गाडी सापडली काय रे?"

खालून पत्र्यावर ठोके आले. एक. दोन. तीन.

तेव्हा मला कळले खाली कोण आहे.

उतरलो. बाबली स्कूटरखाली, उजवा पाय बंपरखाली. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. पुढे पाहत होता. मीही पुढे पाहिले. मला धुके दिसले. चार पावले गेलो, आणि धुक्यात पोरे उभी होती. पहिली-दुसरीची, एकमेकांचे हात धरून, रस्ता ओलांडता ओलांडता मध्येच थांबलेली. पंधरा-सोळा तरी होती. त्यातली एक मुलगी रडत होती, आणि मी इतका जवळ असूनही आधी मला तिचा आवाज आला, मग ती दिसली.

पोलीस आले, पंचनामा झाला, गाडी ठाण्यावर नेली. बाबलीने गणेशच्या समोर जबानी दिली: स्कूटर मी आडवी घातली, ड्रायव्हरची चूक नाही. गणेशने मला ते सांगितले आणि पाठ फिरवली.

२१ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. यंत्राच्या आत ठिपके दिसले की बटण दाबायचे. मी बराच वेळ वाट पाहिली. म्हटले, सुरू करा. ती मुलगी म्हणाली, "काका, संपलें."

काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूचे सगळे गेले, समोर भोकाएवढे उरले आहे. गेले ते परत येणार नाही, उरले ते थेंब घालून सांभाळा. किती दिवसांपासून असेल, विचारले. वर्ष, दोन वर्षे. दोन वर्षे मी भरलेली गाडी घेऊन त्या भोकातून फिरत होतो.

घरी आल्यावर ताराने सगळे सांगितले. चौथा उंडा बाबलीला जायचा. रोज साडेसहाला तो फाट्यावर उभा राहून खायचा आणि गाडी सुटली की पुढे लागायचा. मी विचारले, "मला सांगितले का नाही?"

"सांगले न्हय? अकरा नोव्हेंबराक सांगले. तुमी बोलणेच बंद केले," ती म्हणाली. "मागीर तुमी नारळ दवरलो. हांवें म्हळें, बाबली, आतां सोड. तर म्हणटा, गाडयेर चडपाक मना आसा, फुडें चलपाक मना ना."

मी दाखला चुलीत टाकला. यापलीकडे मला त्या दिवशी काही करता आले नाही.

२४ जानेवारी

इस्पितळात गेलो. बाबलीच्या पायात सळी घातली आहे. मी खाटेशी उभा राहिलो. त्याने तोंड भिंतीकडे केले. मी तासभर उभा होतो. बरोबर नेलेली केळी त्याच्या बायकोने घेतली आणि शेजारच्या खाटेवर वाटली.

मला राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना.

१ फेब्रुवारी, रविवार

विठूला घेऊन परत राखणदाराकडे. दुसरा नारळ. चिडूनच गेलो होतो. मी विठूला म्हटले, तुझा राखणदार आंधळा आहे. गाडी बुडवणारा सोडून भलत्याला शिक्षा दिली.

विठूने विडी पेटवली. "गाराण्यात तू काय बोललंस?"

"त्याचा पाय परत गाडीच्या पायरीला लागता नये."

"तुझो पाय लागता आता पायरेक?"

मी माझ्या पायांकडे पाहिले.

"मग? राखणदारान बरोबर माणूस सोदलो."

"आणि बाबलीचा पाय?"

"तो राखणदारान मोडूक नाय," विठू म्हणाला. "तो तू मोडलंस."

त्याने विडी विझवली. मग त्याने विचारले, कोणाचे नाव घेऊ. या वेळी जीभ वळली. मी सांगितले, बाबलीला मोकळा कर. आणि पहिला नारळ कोणावर होता ते आता कळले आहे, त्याचे नाव गोकुळदास. तो उचलायला सांगत नाही. तो राहू दे. विठूने माझ्याकडे पाहिले, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले. "व्हय म्हाराजा" म्हणायला या वेळीही मी एकटाच.

९ फेब्रुवारी

गाडी सुटून आली. सहा पन्नास देवेश चालवतो, त्याच्या गाडीवर त्याने दुसरा ड्रायव्हर ठेवला. मला विचारायला आला तेव्हा हात जोडून उभा होता. मी म्हटले, क्लच अर्ध्यावर धरायची तुझी सवय घाणेरडी आहे. तो म्हणाला, "शिकयात, काका." मी दार लावून घेतले.

रोज फाट्यावर जाऊन उभा राहतो. फक्त वेळ बघायला. आज दोन मिनिटे उशीर. गाडी थांबते, गणेश विचारतो, येता? मी मान हलवतो. गाडी जाते. पोरे परत आली आहेत, आवाजावरून कळते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सहा एकावन्न. गाडी फाट्यावर थांबली. गणेशने दार उघडले. पहिल्या सीटवर कोणीतरी पाय लांब करून बसले होते, बाजूला कुबड्या. जवळ गेलो तेव्हा दिसला. बाबली, पायाच्या तपासणीला म्हापशाला निघालेला.

मी म्हटले, वहिनी, त्याला विचारा, पाय कसा आहे.

यशोदा वहिनी पुढच्या सीटवर परतली आहे. तिने कपाळावर हात मारला. "बाबली, विचारतत पाय कसो आसा." बाबली समोर पाहत म्हणाला, "वयनी, तेका सांगा, गाडीत चढ."

"त्याला सांगा, नारळ आहे. पायरीला पाय लावणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

गाडी उभी. देवेश घड्याळाकडे बघतोय. मागून पोरे ओरडतायत, काका, उशीर जाता. बाबलीने कुबडी उचलून गणेशला टोचली आणि यशोदा वहिनीला काहीतरी सांगितले. ती म्हणाली, "बाबली म्हणटा, पायरेक पाय लावचो न्हय असा गाराणा. हात लावचो न्हय असा खंय सांगलेला?"

मग गणेशने माझा एक दंड धरला, यशोदा वहिनीने दुसरा, आणि खाली उभ्या असलेल्या दोन पासिंजरांनी मला मागून उचलले. साठीचा माणूस, भाताच्या पोत्यासारखा दारात लोंबकळतोय. वरून एक हात आला आणि त्याने माझी कॉलर पकडून आत खेचले. पाय पायरीला लागला नाही. सगळ्यांनी पाहिले.

बाबलीच्या शेजारी जागा होती, तिथे बसलो. डिचोली गेली. मुळगावचा उतार लागला. बाहेर मला नुसते पांढरे दिसत होते, पण तो रस्ता माझ्या ढुंगणाला पाठ आहे. वळण, मग पिंपळ, मग गतिरोधक. देवेश वेगात होता. माझा हात आपसूक वर गेला आणि मी पत्र्यावर तीन ठोके दिले.

देवेशने ब्रेक दाबला. गाडी गतिरोधकावरून हळू उतरली.

"गप बस रे," बाबली म्हणाला. अकरा नोव्हेंबरनंतर तो माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द.